शालीखाली राहिलेले वाळे

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, फणसाच्या लाकडाची. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मला रडता येत नाही. लाकूड आहे मी. तेव्हा पुढे कुठे तुमचा गळा दाटून आला, तर ते माझ्यावर ढकलू नका.

मला घडवलं देवरूखच्या केरू सुताराने. माणूस तोंडाचा भारी फटकळ, पण रंध्यावर हात असा बसलेला की माझ्या पाठीवरच्या वेलबुट्टीत एक रेघ वाकडी शोधून दाखवा. वेताची बैठक विणून झाली आणि बैलगाडीत घालून मला रत्नागिरीला धाडलं. तिथे गंगारामांचा फोटो काढायचा स्टुडिओ होता. कौलांमध्ये काचा बसवल्या होत्या, त्यांतून उजेड खाली माझ्यावर पडायचा. मागे पडद्यावर महाल, तळं आणि हंस रंगवलेले. असला महाल आमच्या जिल्ह्यात कुणाच्या बापजन्मात पाहिला नव्हता, पण प्रत्येकाला बसायचं असे त्याच्यापुढेच! वकील बसले, नवरा-नवरी बसली, मुंबईहून आलेले चाकरमानी टोपी सारखी करत बसले. खुर्ची काय ऐटबाज आहे, असं जो तो म्हणायचा. मला ते चढलं होतं, खोटं कशाला बोलू?

आणखी एका गोष्टीसाठी गंगारामांचं नाव होतं. कुणाचं मूल अपंग असलं, तर ते फोटोत ‘नीट’ दिसेल असं बसवण्यात त्यांचा हातखंडा. लुळा हात फुलांच्या कुंडीमागे जाई. आंधळ्या डोळ्यांत ते फोटोच्या काचेवर बारीक पेन्सिलीने बुबुळं काढत. पाय अधू असले तर एक तांबडी शाल होती, ती मांडीवरून खाली सोडत. अशी मुलं घेऊन आईबाप भर दुपारी येत, रस्ता सामसूम असताना. गंगाराम वाईट माणूस नव्हते हो. फोटो हातात पडला की आईबापांचा चेहरा उजळायचा आणि तेही खूश व्हायचे. लेकराला कुणी काही विचारलेलं मात्र मी ऐकलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही तेव्हा. तेव्हा मला काहीच वाटत नसे.

एकोणीसशे सत्तावीस सालची गोष्ट. मालगुंडहून यमुनाबाई आली, कडेवर सहा वर्षांची लेक मैना. मैनाची दोन्ही पावलं जन्मापासून आत वळलेली, एकमेकींकडे तोंड करून. तिचा बाप लवू हा परदेशी बोटीवर खलाशी. पोर रांगायला लागली तेव्हा गेला, तो अजून परतला नव्हता. गावच्या एका खलाशाबरोबर त्याने तिच्यासाठी चांदीचे वाळे धाडले होते आणि पोरीचा फोटो धाडा म्हणून निरोप दिला होता.

वाळे पायात घालूनच मैना आली होती. माझ्यावर बसली आणि आधी पाय हलवून ते वाजवून बघितले. गंगारामांनी सवयीने शाल सोडली. तिने ती ढकलून दिली. त्यांनी पुन्हा घातली, तिने पुन्हा ढकलली.

“बाबानं धाडलेत ना काका,” ती म्हणाली. “त्याला दिसूदेत.”

गंगारामांनी यमुनाबाईकडे पाहिलं. ती खाली बघत पुटपुटली की बोटीवर चार माणसं फोटो बघतील, हसतील, शालच असूदे. मग तिने स्वतःच पोरीच्या गुडघ्यांवर शाल घट्ट दाबून खोचली. मैना रडली नाही. गंगारामांनी काळ्या फडक्यात डोकं घातलं, हलू नको म्हणाले, आणि ती हलली नाही. फोटो अगदी सुरेख आला म्हणे. शालीच्या आत तिच्या पायाच्या बोटांनी माझ्या पायांमधली दांडी आवळून धरलेली होती, ते मलाच ठाऊक.

त्यानंतर माझे दिवस उतरले. बैठकीचा वेत तुटला, लोकांना नव्या तऱ्हेच्या खुर्च्या हव्याशा झाल्या, आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. अंगावर खोके रचले. वाळवी लागली. त्याचंही मला काही वाटलं नाही.

मग एके दिवशी खोके उचलले गेले. दारात कुबडी घेतलेली एक मुलगी उभी होती. मैनाच, आता चांगली उंच झालेली. बरोबर काशीराम नावाचा खलाशी, तिच्या बापाचा सोबती. लवू एडनच्या पुढे तापाने गेला होता आणि त्याला समुद्रातच सोडला होता. त्याची ट्रंक घेऊन काशीराम मालगुंडला आला होता. त्या ट्रंकेत तो फोटो निघाला.

काशीराम गंगारामांना म्हणाला, “वाळे चढले म्हणून घरनं लिवलं व्हतं. पन त्याला पटंना. म्हनायचा, माजं मन राखाया लिवलानी. चढले असते तर झाकले कशाला असते?”

गंगारामांनी विचारलं, पाय कसे आहेत ते लवूला ठाऊक होतं का?

“ठाऊक म्हंजे? म्हनून तर सोनाराकडनं वाळ्यांचं तोंड उघडं ठिवून घडवून घेतलेले. वाकड्या पावलातनं चढावेत म्हनून. आमाला सगळ्यांस फोटो दावायचा नि इचारायचा, चढले असतील का रे?”

गंगारामांनी तो जुना फोटो घेऊन काचेखालच्या उजेडात धरला. मग मैनाच कुबडी टेकत आली आणि माझ्यावर बसली. तुटक्या वेतावर जपून बसली. लुगडं घोट्यांवर ओढून घेतलं.

“आता पायांसकट फोटो काढा,” ती म्हणाली.

वाळे आणलेत का, असं त्यांनी हळूच विचारलं. ती म्हणाली, “आता चढत न्हाईत.”

फोटो कुणाला धाडायचा, हे त्यांनी विचारलं नाही. शाल खुंटीवर होती, तिकडे हात गेला नाही. त्यांनी फोटो काढला. मैना आताही हलली नाही. तिच्या उघड्या पावलांना दांडीचा आधार लागत होता आणि मी तो देत होते, एवढंच मला करता येतं.

मित्रांनो, माझा वेत कुणी दुरुस्त करो न करो, त्याचं मी मागणं मागत नाही. मागणं एकच आहे. कुणा लेकरावर पांघरूण घालायला तुमचा हात उठेल, प्रेमाने का असेना, तेव्हा आधी त्याला विचारा, तुला काय दाखवायचंय? मी त्या दुपारी मैनाला विचारू शकत नव्हते. तिथे तोंड असलेली दोन माणसं होती.