आईचं पिवळं मलम

अकरा वर्षं झाली, नेबोयशाच्या नाकावर श्वासाच्या मशीनचा मास्क आहे आणि तो बांधते मी. भाऊ माझा. स्नायूंच्या आजाराने हातपाय गेले, आता छातीतही जोर नाही. सुटीच नाही हो या कामाला. आताशा दिवसातून दहा मिनिटंच मास्क काढता येतो. डोळे कोरडे पडतात, पोटात वारा भरतो, आणि नाकाच्या हाडावर ही जखम. ती आणखी खोल गेली तर मास्क बंद करून गळ्याला भोक पाडावं लागेल, असं नीश शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. मग बोलणं बहुधा जाईल. त्याच्याकडे बोलण्याखेरीज उरलंय काय?

डॉक्टरांनी जखमेवर लावायला चिकटपट्टी दिली, पट्टे सैल ठेवायला सांगितले. पण मास्क सारखा घसरायचा, हवा डोळ्यांत जायची, मशीन बोंबलायचं. मला वाटायचं, घाम असेल. वैतागून मी पट्टे आणखी आवळायची.

रविवारी चर्चमधून लवकर परतले, तर आई त्याच्यापाशी बसलेली. मास्क बाजूला, बोटावर पिवळं मलम. डुकराच्या चरबीत झेंडू कढवून केलेलं. आमच्या गावात भाजलं, कापलं, गुडघा धरला, सगळ्याला हेच. तीन आठवडे माझ्या पाठीमागे ती ते रोज चोपडत होती आणि वर चिकटपट्टी पुन्हा दाबून बसवत होती. त्या चरबीनेच मास्क घसरत होता. ती चोपडायची, मी आवळायची. दोघींनी मिळून त्याच्या नाकाची वाट लावली.

आईला मी नको नको ते बोलले. ती मलमाची डबी घेऊन स्वयंपाकघरात गेली. त्याला मास्क लावून मी त्याच्यावर भडकले. तुला कळत होतं ना, मग तोंड का नाही उघडलंस?

दोन श्वास घेऊन तो म्हणाला, "तायडे, दिवसभरात तेवढंच कुणीतरी माझ्या चेहऱ्याला हात लावतं गं."

मला रडूच आलं. अकरा वर्षं मी पट्टे लावले, नळ्या धुतल्या. त्याच्या गालाला हात कधी लावला होता, आठवेना.

मलम फेकून दिलं. आता मास्क काढला की आई कोमट फडक्याने त्याचं कपाळ, गाल, हनुवटी पुसते, नाक सोडून. मग मी हात लावते. पहिल्या दिवशी म्हणाला, "केवढे खरखरीत हात तुझे." तरी काढू नकोस म्हणाला.

गुरुवारी नीशला जायचंय. जखम बघून डॉक्टर काय ते सांगतील. तोवर तो अखंड बडबडतोय, आणि मी त्याला गप्प बस म्हणत नाही.