माझ्या पोटातला ठिपका

त्या दिवशी तंजावुरात ऊन असं होतं की गल्लीतली कुत्री गटाराकाठी पोट टेकून पडली होती. पान हलत नव्हतं. हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल वाऱ्यानं दार आपटलं.

मी त्या दाराची काच बोलतेय.

भट्टीत मला मऊ पडेपर्यंत तापवलं आणि लगेच गार वाऱ्याच्या झोतात उभी केली. वरची कातडी आधी आवळली, आतलं अंग ओढतच राहिलं. म्हणून मी कडक. पण निकेल-गंधकाचा एक कण माझ्यात आला होता, सुईच्या टोकाएवढा. तोही तापून आकसला, पण गार होताना मूळ आकाराला यायला त्याला सवड मिळाली नाही. मग सहा वर्षं तो आतल्या आत फुगत राहिला. दुखायचं. सांगणार कुणाला?

सुरेंद्रच्या घरी मला बसवलं. त्याच्या बायकोनं, लावण्यानं, माझ्या मधोमध कोलमच्या रांगोळीचं स्टिकर चिकटवलं.

त्या दुपारी सुरेंद्रचे वडील वरुणराव काठी घेऊन बाहेर निघाले. ते चार पावलांवर असतानाच मी फुटले. बाँबसारखा आवाज झाला, खडे घरभर उडाले. नात कीर्तना धावत आली, तिच्या तळपायातून भळभळ रक्त आलं.

सुरेंद्रनं वडिलांची काठी हिसकून माळ्यावर फेकली. "मारलीत ना? परवा नळ उघडा ठेवलात, आज हे. आता एकटं बाहेर जायचं नाही."

"मी नाही मारली रे," वरुणराव म्हणाले. मग रिकाम्या हाताकडे बघत म्हणाले, "की मीच मारली असेल?"

मला बोलायचं होतं. तोंडच उरलं नव्हतं.

फुटकी काच दिवेलागणीपर्यंत घरात ठेवायची नाही, म्हणून लावण्या घाईनं मला झाडू लागली. शेजारच्या गोपालकृष्णांचा जन्म काचा बसवण्यात गेलेला. ते दारातून म्हणाले, "थांब गं, झाडू ठेव." त्यांनी स्टिकर उचललं. त्याला माझे दोन मोठे तुकडे चिकटून राहिले होते, फुलपाखराच्या पंखांसारखे. मधल्या रेघेवर काळा ठिपका.

"सुरेंद्र, चष्मा लावून बघ. फुटायला इथून सुरुवात झाली. हा भट्टीतूनच आत बसून आलाय. काठीनं असं होत नाही."

सुरेंद्रनं चष्मा लावून ठिपका पाहिला. मग माळ्यावरून काठी काढली. वडिलांकडे बघवेना, म्हणून ती गोपालकृष्णांच्या हातात दिली.

आता ते दोन पंख वरुणरावांच्या फळीवर आहेत, तेवढीच मी उरले. मागणं एकच: फुटलेलं झाडण्याआधी एकदा वाकून बघत जा.

त्या दिवशी काठी पुढे करत गोपालकृष्ण वरुणरावांना म्हणाले होते, "घ्या मामा. चला, कॉफी पिऊन येऊ. आज दार ढकलायचंही काम नाही."