सोमारीचा मधाचा तुंबा

मित्रांनो, मी एक जुना तुंबा, म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा. एटापल्लीकडच्या रानात, कुंपणावरच्या वेलीला लटकून वाढलो. वारलूने मला वाळवलं, आतला गर खरवडून काढला आणि चैतात आग्या मोहोळाचा मध भरून चुलीवरच्या आढ्याला टांगलं.

त्याची बायको सोमारी मला फार जपायची. कुणाचा हात भाजला, की आधी गार पाणी, मग माझ्यातला मध. भाताच्या रोवणीत चिरलेल्या टाचांना ती पोळ्याचं मेण तेलात वितळवून भरायची. खोकल्याला आल्याच्या रसात बोटभर मध. तिची चार वर्षांची झुरी तर खोटंच खोकायची.

"खोकला येऊन राह्यला वो माय!"

"खोकला येते का लाळ येते?" सोमारी हसायची आणि बोट द्यायचीच.

शेजारची गुणाबाई म्हणायची, "सोमारी, तुया तुंब्यात डागदर लपला हाय का वो?" ते ऐकून मला केवढा गर्व व्हायचा!

छप्पन सालच्या पूस महिन्यात झुरी खरंच खोकली. अंग तापलं. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडू लागला.

"नदीपल्याड दवाखाना हाय. नेऊ का तिले?" वारलूने विचारलं.

"एवढ्या थंडीत कुठी नेता जी? तुंबा हाय ना घरी."

मित्रांनो, तिला बोल लावू नका. याच मधाने झुरीचा पोळलेला पाय बरा झालेला साऱ्या गावाने पाहिला होता. सोमारी चाटवत राहिली. मध ओठांवरून तसाच हनुवटीवर ओघळला, पोरीला गिळवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी झुरी गेली.

सोमारीने मला फोडलं नाही. नुसतं माझ्याकडे बघणं सोडलं. गुणाबाई मध मागायला आली, तर म्हणाली, "तूच काढून घे." धुराने मी काळा पडत गेलो.

तीन वर्षांनी झुरीचा धाकटा भाऊ इसरू तसाच धापा टाकू लागला. सवयीने सोमारीचा हात वर आला, माझ्या गळ्याला लागला आणि थांबला.

"चला जी," ती वारलूला म्हणाली. "आत्ताच."

लेकराला पाठीशी बांधून दोघं नदीकडे निघाले. रिकाम्या घरात मी एकटाच हलत राहिलो. मला न नेल्याचं एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

इसरू परत आला. आता तोही खोटंच खोकतो. सोमारी बोट देते, पण हसत नाही.

मित्रांनो, मला जपा. मुंग्या लागू देऊ नका. साध्या खोकल्याला, थोड्याशा भाजल्याला जरूर खाली उतरवा. पण लेकराच्या बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर मला आढ्यालाच राहू द्या. लेकराला उचला.