मंगळवारचा विनोद

आमच्या वसाहतीत फळ्यावरच्या विनोदाला सगळे हसल्याशिवाय दिवस मावळत नाही. मंगळवारी मी हसले नाही, म्हणून मंगळवार अजून चालू आहे.

वसाहत बियाणे तपासणी केंद्राची आहे. पश्चिमेला पाण्याची टाकी, पूर्वेला कालवा आणि मध्ये हा फळा. देशकर काका रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहितात. ते केंद्रातल्या भांडारातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे. फळ्याचे चार भाग असतात : इतिहास, माहिती, विनोद आणि मनातलं. दुपारनंतर लोक एकेक करून येतात, वाचतात, हसतात आणि जातात. प्रत्येक हसण्यागणिक टाकीची सावली फळ्याच्या दिशेनं एक वीत सरकते. सावलीनं फळा झाकला की काका ओल्या फडक्यानं तो पुसतात आणि अंधार पडतो.

हसणं मनापासूनचं हवं अशी अट नाही. आवाज बाहेर पडला आणि दात दिसले की पुरे.

मात्र सगळ्यांनी हसून पुसलेला विनोद कायमचा विनोद होतो. त्याला पुन्हा दुसरं काही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी कंपाउंडरच्या सासूबाई विहिरीत पडल्या. फळ्यावर आलं, सगळे हसले. आता त्या कशा पडल्या, वाचल्या की नाही, हे कंपाउंडरलाही आठवत नाही. त्याला फक्त शेवटचं वाक्य आठवतं आणि ते सांगताना तो मांडीवर थाप मारतो.

मंगळवारी इतिहासात आमच्या वसाहतीला पहिला नळ कधी आला ते होतं. माहितीत होतं, गांडुळाला हृदयाच्या पाच जोड्या असतात. त्या खऱ्या अर्थानं हृदयं नाहीत, रक्तवाहिन्यांचे जाड झालेले भाग आहेत, हे मी काकांना पूर्वी सांगितलेलं आहे. मनातलं या भागात होतं, पहाटे चहा पिताना वाटलं, माणसानं हसत राहावं.

विनोद असा होता :

बायको नवऱ्याच्या मोबाइलवर फोन लावते. पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणते, 'आपण फोन केलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.' बायको : 'ते बाहेर आहेत ते कळलं गं. पण तू कोण त्यांचा फोन उचलणारी?'

मी तो दोनदा वाचला. सावली फळ्यापासून एक वीत अंतरावर येऊन थांबली होती.

"हं, हेमा," काका म्हणाले. त्यांच्या हातात फडकं तयार होतं. "तेवढी तूच राहिलीस."

"मला हसू आलं नाही."

"येतं कुणाला? हसून टाक."

"नाही."

"कळला नसेल. तुम्हा विज्ञानवाल्यांना फोडून सांगावं लागतं."

"कळला. हा विनोद नाही, काका. ही माझी आई आहे."

काकांनी फळ्याकडे पाहिलं, जणू तिथं कुणी उभं असेल. "नाव आहे का कुणाचं?"

"नाही."

"मग?"

मी घरी गेले. सूर्य टाकीच्या शिडीशी टेकला होता. तो तिथंच राहिला.

माझे बाबा केंद्राची जीप चालवायचे. मी बारावीत असताना एका संध्याकाळी ते बियाण्यांचे नमुने पोचवायला गेले आणि वेळेवर परतले नाहीत. केंद्रानं त्यांना मोबाइल दिला होता. आमच्या घरी फोन नव्हता, देशकर काकांकडे तारेचा होता. आई तिथं जाऊन बाबांचा नंबर लावत राहिली. मी शेजारी उभी होते. सुरुवातीला आई त्या बाईवर चिडली, ते खरं आहे. फळ्यावर तेवढंच आलं होतं. ती बाई म्हणजे आधीच भरून ठेवलेला आवाज आहे, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "असू दे. ऐकते तरी." मग ती तिच्याशी नीट बोलू लागली. "बाई, तुम्ही चांगल्या घरच्या वाटता. ते बाहेर असतील तर असू देत. एवढा निरोप द्या, म्हणावं जेवण झाकून ठेवलंय. मी पण जेवले नाही." दर खेपेला ती एवढंच सांगायची, ती बाई तिचं वाक्य म्हणायची, आणि आई "बरं" म्हणून फोन ठेवायची.

जीप सकाळी कालव्यात सापडली.

बाबांच्या जागी आईला केंद्रात काम मिळालं, म्हणून क्वार्टर सुटलं नाही. पुढं मी इथल्याच प्रयोगशाळेत लागले. आई गेली तीही याच क्वार्टरमधून. त्या संध्याकाळची गोष्ट मात्र वसाहतीत फिरत राहिली. फिरता फिरता तिच्यातून आधी कालवा गळला, मग जीप, मग आईचं नाव, आणि शेवटी जेवण. जे उरलं ते मंगळवारी फळ्यावर आलं.

पहिल्यांदा नलूवहिनी आल्या. त्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहतात. त्यांच्या हातात लाडवांचं ताट होतं.

"हेमाताई, उद्या आमच्या सावनीचा साखरपुडा."

"माहीत आहे."

"उद्या आला तर ना! पाहुणे नागपूरहून निघालेत. केव्हाही फोन करा, वर्धेच्या पुलावरच आहेत. पूल काही संपत नाही म्हणतात."

"वाईट वाटतं, वहिनी."

"वाटतं तर हसा की. मेलं एक हसणं. मी सासूच्या तेराव्याला हसले फळ्यापाशी. काही झडलं का माझं?"

मी एक लाडू घेतला. मी हसले नाही. त्या गेल्या तेव्हा बाहेरच्या खोलीतली फरशांची एक ओळ कमी झाली होती. मी पट्टी लावून पाहिली. भिंत खरोखरच आत आली होती आणि तिच्यावरचा खिळा, खिळ्यावरचा आईचा फोटो, सगळं तिच्याबरोबर आलं होतं. यात मला चूक दिसली नाही. न गेलेल्या दिवसाला कुठंतरी जागा लागणारच.

मग कंपाउंडर आला. मग केंद्राचे लेखापाल आले, ज्यांची बदली उद्यापासून लागू होणार होती. मग महिला मंडळ आलं. प्रत्येक जण काहीतरी समजावून गेला आणि प्रत्येकामागे एक ओळ गेली. मी खुर्ची कपाटाला लावली, मग टेबलावर ठेवली. चहा ठेवला की तो उकळत होता, प्यायला की संपत होता, पण खिडकीतलं उन्ह त्याच गजावर होतं. प्रयोगशाळेतून आणलेल्या बशीत, ओल्या कागदावर मुगाचे दाणे होते. ते फुगले होते आणि कोंब काढायचे थांबले होते.

शेवटी सगळे एकदम आले. दार उघडंच होतं, कारण ते लावायला आत जागा नव्हती. काका सर्वांत पुढं होते.

"हेमा, लोकांना वेठीला धरू नकोस."

"मी घरात बसले आहे, काका."

"तेच. हसणं लागतं एकमेकांचं. आम्ही हसतो, तू नुसती उभी राहा."

त्यांनी विनोद मोठ्यानं म्हटला. सगळे हसले. मागच्यांना दिसावं म्हणून पुढचे वाकून हसले. लहान मुलांना उचलून धरलं होतं, त्यांचे दुधाचे दात दिसत होते. कुणीतरी म्हणालं, "बघा, बघा, ओठ हलला." हलला होता. काकांच्या हातांवरची खडूची पूड माझ्या घशात गेली होती आणि खोकला येत होता. खोकला आणि हसणं यांतला फरक ठरवायचा अधिकार काकांचा आहे. मी खोकला गिळला. भिंत माझ्या पाठीला लागली. फोटोची चौकट माझ्या डोक्याला टेकली. मी ओठ मिटून घेतले, डोळे उघडे ठेवले आणि प्रत्येकाकडे आळीपाळीनं पाहिलं.

"दगड आहे दगड," महिला मंडळातली एक म्हणाली.

"बापासारखी," कंपाउंडर म्हणाला. "तो पण कधी हसायचा नाही."

"हसायचे," मी म्हणाले. "जीप सुरू झाली की दर वेळी हसायचे. फळ्यापाशी हसायचे नाहीत."

तेवढ्यात इंगळे आजोबा गर्दीतून वाट काढत पुढं आले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. पट्टी उद्या सुटणार होती. त्यांना विनोद कुणीतरी वाचून दाखवला होता आणि ते दुपारीच हसून गेले होते. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"काहून नाही हासत व पोरी तू?"

मी त्यांना सांगितलं. कालवा, जीप, आईचं नाव, जेवण. गळलेलं सगळं, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं.

आजोबा म्हणाले, "म्हणजे मी तुह्या मायले हासलो?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, आजोबा."

"आता झालं न माहीत." त्यांनी काकांचा आवाज जिकडून आला होता तिकडे तोंड वळवलं. "देशकर, मी माझं हसू परत घेतो."

"असं करता येत नाही," काका म्हणाले.

आजोबांनी तोंड उघडलं आणि हवा आत ओढली. दुपारी जेवढे झटके बाहेर पडले होते तेवढे झटके आत गेले. रिकामा हंडा विहिरीत बुडताना होतो तसा आवाज झाला. मग त्यांनी तोंड मिटलं.

बाहेर कुणीतरी ओरडलं, सावली मागं सरकली. माझ्या पायाशी फरशांची एक ओळ परत आली.

"करता आलं की," आजोबा म्हणाले.

"अहो, तुमची पट्टी!" काका म्हणाले. "उद्या सुटायची आहे. उद्या येणार नाही अशानं!"

"राहू दे. असंच दिसून राहिलं चांगलं."

नलूवहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"तेव्हा मी नवीनच लग्न होऊन आले होते," त्या म्हणाल्या. "मला नुसता फोनचा भाग सांगितला होता. काय केलं होतं हो तुमच्या आईनं जेवायला?"

"वांग्याची भाजी. ज्वारीची भाकरी. बाबांना लागायचा म्हणून खर्डा."

वहिनींनी मागं वळून सावनीला हाक मारली. "त्यांना फोन कर. म्हणावं पुलावरून मागं फिरा."

"आई, काय गं!"

"कर म्हणते ना."

मग त्यांनी पदरानं तोंड झाकलं आणि हवा आत ओढली. त्यांच्यानंतर लेखापाल. कंपाउंडरनं दोनदा ओढली. दुसरी कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही, पण नंतर तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "दोर आखूड पडला होता. मी धावलो होतो दुसरा आणायला." लहान मुलं ही गंमत समजून हवा ओढत होती, तीही चालत होती. खोलीत मी दोन्ही हात पसरू शकले.

आम्ही सगळे बाहेर आलो. सूर्य टाकीची शिडी सोडून वर चढला होता. तो माथ्यावर आला, सावली टाकीच्या पायांत गोळा झाली आणि मग पलीकडे, पश्चिमेला, पडू लागली. उन्ह कोवळं होत गेलं. फळ्यावरची अक्षरं शेवटापासून उठू लागली. आधी मनातलं गेलं, मग विनोद, मग गांडूळ, मग नळ. देशकर काकांच्या बोटांतला खडूचा तुकडा लांब होत होता. आता त्यांच्या हातात अख्खा खडू होता आणि फळा कोरा होता.

सूर्य कालव्याच्या वर हातभर उंचीवर येऊन थांबला. एकच हसू शिल्लक होतं.

"लिहिणाऱ्याला आधी हसावं लागतं," काका म्हणाले. "त्याशिवाय लिहिता येत नाही."

"माहीत आहे."

"त्या संध्याकाळी मी हसलो नव्हतो, हेमा. दार धरून उभा होतो. तुझी आई दर खेपेला आमच्याकडे बघून म्हणायची, तुमचं बिल येईल हो भाऊ. ते मी कुणाला सांगितलं नाही."

"सांगायचं होतं ते."

"त्यात हसण्यासारखं काय होतं?"

सगळी वसाहत त्यांच्याकडे बघत होती, हाताची घडी घालून, जशी मघाशी माझ्याकडे बघत होती. कुणी त्यांना समजावलं नाही. काकांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. चष्मा काढला. मग त्यांनी हवा आत ओढली. त्यांचं हसू म्हाताऱ्या माणसाचं, बारीक, तुटक होतं आणि ते आत जायला वेळ लागला.

सूर्य पूर्वेला मावळू लागला. कालव्याचं पाणी लाल झालं.

तेव्हा काकांच्या घरात फोन वाजला. त्या फोनची तार कधीच काढून नेलेली आहे. काकूंनी विणलेल्या रुमालाखाली तो नुसता शोभेला ठेवला होता. सगळ्यांनी ऐकला. तो वाजायचा थांबेना.

"तुझा असेल," काका म्हणाले.

"घर तुमचं आहे. तुम्ही उचला."

ते आत गेले. मी दार धरून उभी राहिले. त्यांनी रुमाल बाजूला केला, रिसीव्हर कानाला लावला आणि सवयीनं "देशकर" म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकलं. शेवटी रिसीव्हरवर तळहात ठेवून ते माझ्याकडे वळले.

"एक बाई आहे. आवाज चांगल्या घरचा वाटतो."

"काय म्हणते?"

"निरोप पोचवला म्हणते. आणि विचारतेय, जेवण अजून झाकलेलंच आहे का."

मागं गर्दीत कुणी हसलं नाही.

"त्यांना थांबायला सांगा," मी म्हणाले. "मी बघून येते."

मी रस्ता ओलांडला. माझी बाहेरची खोली पूर्वीइतकीच लांब झाली होती. बशीतल्या मुगाला पांढरे कोंब आले होते. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत सूर्याची शेवटची कड राहिली होती. ओट्यावर ताटावर ताट उपडं घातलेलं होतं. मी वरच्या ताटाला बोट लावलं.

बोट पोळलं.