नवव्या भागाचा रविवार

"मुसळ खाली ठेव आणि नीट सांग," पार्वतम्मा म्हणाल्या. "टीव्हीवर काय बोललीस तू?"

शालननं मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. रविवारी दुकान बंद असायचं, पण सोमवारच्या मालासाठी सकाळी ती कुटायला यायचीच. सोलापुरात शेंगाचटणीची दुकानं पायलीला पन्नास, पण पार्वतम्मांचं नाव झालं ते बिनलसणाच्या चटणीमुळं. नेमधर्माची माणसं ती डोळे झाकून न्यायची. त्या चटणीचं उखळ वेगळं, मुसळ वेगळं, आणि दोन्हींना हात लावायचा मान बावीस वर्षं एकट्या शालनचा.

घोळ झाला होता तो 'जिभेची परीक्षा'मुळं. हा कार्यक्रम मार्चात सुरू झाला, दर रविवारी संध्याकाळी सातला. नटनट्यांना खाण्यापिण्याचे प्रश्न विचारायचे, चुकलं की हिरवी मिरची चावायला लावायची, असला खेळ. दर भागात एका गावची सुगरण यायची. ती आपल्या कामातली एखादी गोष्ट सांगायची आणि ती खरी की खोटी हे पाहुण्यांनी ओळखायचं. नववा भाग सोलापूरचा होता. पहिला भाग दिसायच्या आधीच शालनला गाडी पाठवून चित्रीकरणाला पुण्याला नेलं, तोंडाला पावडर फासली, उंच खुर्चीत बसवलं. तिथली एक मुलगी लाडीगोडीनं म्हणाली, "काकू, कुण्णाला माहीत नसलेलं काहीतरी सांगा ना." बावीस वर्षांत शालनला कुणी काही विचारलंच नव्हतं. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागं, अशातली गत झाली.

"मी म्हनलं," शालन आता खाली मान घालून बोलत होती, "मागल्या श्रावणात बिनलसणाचं उखळ चिरलं. पाथरवटाकडनं नवं येईस्तवर आठ दिस मी लसणाच्याच उखळात कुटली, आन् कुणाला काय कळलं न्हाय."

ही गोष्ट खोटीच असणार, असं पाहुणा आलेला नट म्हणाला आणि हरला. त्यानं मिरची खाल्ली, सगळे हसले, शालनही हसली. परतीच्या गाडीत टेंभुर्णीच्या आसपास तिचं हसू मावळलं ते मावळलंच. पुढं आठ रविवार तिनं टीव्हीसमोर बसून काढले. एकेक भाग सरत होता आणि तिचा जवळ येत होता. घरची माणसं कौतुकानं दिवस मोजायची, आणि ती ताटावरून उठून जायची. आज नववा रविवार होता.

"तुमी लेकीच्या बाळंतपणाला अक्कलकोटला होता, अम्मा. उखळ मी कढत पाण्यानं तीनतीनदा धुतलं."

"दगडात मुरलेला लसूण पाण्यानं जातो व्हय?"

"न्हाय."

पार्वतम्मा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गिऱ्हाइकांची वही काढली. हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाकीच्या गिऱ्हाइकांना उद्या मी तोंड देईन. गोजरबाईकडं तू जायचं. सातच्या आत. टीव्हीवरनं कळायच्या आधी तुझ्या तोंडनं कळू दे तिला."

नेमकं हेच नाव येणार, हे शालनला ठाऊक होतं. मुलाची, प्रदीपची, किडनी बिघडली तेव्हा गोजरबाईंनी लसूण सोडला होता. पोरगं जगू दे, एवढाच नवस. भाकरी आणि पार्वतम्मांकडची चटणी, हेच त्यांचं दोन वेळचं जेवण. मागल्या श्रावणात प्रदीप गेला. ते उखळ चिरल्यापासून नवव्या दिवशी गेला. शहाणा माणूस म्हणेल, चटणीचा आणि मरणाचा काय संबंध? शालनही काही खुळी नव्हती. पण उखळाला हात लावला की हा विचार तिच्या मनात तेव्हापासून येत होता, आणि गोजरबाईंच्या मनात तो आल्यावाचून राहणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

साडेसहाला ती पोचली तर दारात चपलांचा ढीग. गोजरबाईंनी अर्धी गल्ली गोळा केली होती. सतरंजी अंथरली होती.

"ये गं बाई. आज हितंच बसून सोताला बग."

"मावशी, जरा आत येता का? बोलायचंय."

"मग बोलू की. आदी च्या घे."

चहा झाला. शालननं पुन्हा हाक मारली, तर कुणीतरी तिला ओढून टीव्हीच्या अगदी समोर बसवलं. टीव्हीच्या वर हार घातलेला प्रदीपचा फोटो होता. सात वाजायला दोन मिनिटं होती. आता सगळ्यांदेखत कळणार, आणि मी इथंच बसलेली असणार, हे तिच्या लक्षात आलं.

सात वाजले आणि कुठलातरी जुना सिनेमा सुरू झाला. पडद्याखाली पट्टी सरकू लागली. 'जिभेची परीक्षा' हा कार्यक्रम बंद करण्यात आला होता.

"कुणी बगतच नव्हतं तर काय करतील," शेजारचे ज्ञानबा म्हणाले. बायका हळहळल्या. कुणी शालनच्या पाठीवरून हात फिरवला. हळूहळू घर रिकामं झालं.

शालनला हुंदका फुटला. लोक असते तर त्यांना वाटलं असतं, बिचारीचा हिरमोड झाला. हुंदका होता सुटकेचा. पण तो ओसरला आणि तिला आठवलं की बंद कार्यक्रम झाला होता, अम्मांनी सांगितलेलं काम नाही. आता कुणी भाग पाडत नव्हतं. म्हणूनच ते जास्त जड झालं होतं.

गोजरबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. "काय बोलायचं हुतं गं?"

"मावशी, मागल्या श्रावणात..."

"ते नगं काढू." गोजरबाई शांतपणे म्हणाल्या. "तवा लोकं काय काय बोलली. म्हातारीचा नेम कुटंतरी चुकला आसंल म्हनली. माजी सख्खी जाऊ म्हनली. मी एकच सांगितलं, पोरगं देवानं नेलं, पर माज्याकडनं कमी पडलं न्हाय. सात वर्सं लसणाला शिवले न्हाय मी. त्येवड्यावर जगते बग."

त्यांनी शालनचा उजवा हात ओढून घेतला. मुसळानं घट्टे पडलेल्या तळव्यावरून त्या बोटं फिरवत राहिल्या.

"ह्या हातानं राखला माजा नेम. लई उपकार हायत तुजे."

आणि त्यांनी तो हात आपल्या कपाळाला लावला.

शालनला तेव्हाच कळून चुकलं की हे आता आपण जन्मात मावशींना सांगणार नाही, आणि उद्या अम्मांनी कामावरून काढलं नाही तरी त्या उखळापाशी आपण बसू शकणार नाही. म्हातारीचं कपाळ तापलेलं होतं. ते तळव्याला लागत होतं, आणि शालननं हात काढून घेतला नाही.