सुवाच्य अक्षरात

"दीपमालाचे वडील गेले," चप्पल न काढता दारातच श्यामला म्हणाली.

यज्ञेश्वर मंडईतून आणलेले मटार सोलत बसले होते. "कोण दीपमाला?"

"माझ्या चौथीतली. हजेरी घेत होते, तेवढ्यात मोठ्या बाईंनी बाहेर बोलावून सांगितलं. सीमेवर तोफगोळा पडला म्हणे. आजोबा न्यायला येईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही, असं ठरलं. अहो, दोन तास मी तिला भागाकार शिकवत होते."

मग तिने पिशवीतून एक कागद काढला. लढाई सुरू झाल्यावर मुलांनी जवानांना पत्रं लिहिली होती. दीपमालाने आपल्या बाबांनाच लिहिलं होतं. बेचाळीस पत्रं गेली, हे एक मागे राहिलं. त्यावर श्यामलाने लाल शाईत लिहिलं होतं, 'सुवाच्य अक्षरात पुन्हा लिही.' दुसऱ्या दिवशी दीपमाला तापाने आली नाही आणि गठ्ठा रवाना झाला.

"तसंच पाठवलं असतं तर? बापाला काय अक्षर बघायचं होतं?"

यज्ञेश्वरांनी मटारचं ताट बाजूला सारलं. सत्तावीस वर्षं ती वह्या तपासत होती, मतदार याद्यांसाठी दिवसभर जिने चढून आल्यावरसुद्धा. गचाळ कागद वर्गाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा तिचा नेम होता.

तेराव्यानंतर दीपमाला शाळेत आली. आल्या आल्या तिने विचारलं, "बाई, बाबांना माझं पत्र मिळालं होतं ना?"

श्यामला "हो" म्हणाली आणि घरी येऊन रडली.

"बरं केलंस," यज्ञेश्वर म्हणाले. "पोरीला तेवढाच आधार."

"खोटं बोललं की मुलांना मी बाकावर उभं करते. मला कुठे उभं करणार?"

जानेवारीत काविळीने श्यामला गेली. दवाखान्यात दोनदा म्हणाली, "ते पत्र तिला द्या. बाई चुकल्या, म्हणावं. होईल ना तुमच्यानं?"

"होईल," ते म्हणाले होते.

महिन्याने ते बसने धायरीला दीपमालाच्या घरी गेले. पत्र शर्टाच्या खिशात होतं. दीपमालाच्या आजोबांनी, नागोरावांनी, दार उघडलं. माणूस वऱ्हाडातला.

"या जी गुरुजी, बसा."

"मी गुरुजी नाही. बँकेत होतो. शिकवायची ती."

"बाईचे लय उपकार हायेत जी. पोरगी जेवतच नव्हती. बापाले पत्र भेटलं, असं बाईनं सांगितलं, तेव्हा कुठं घास गेला तिच्या तोंडात."

दीपमाला वही घेऊन आली. आता ती दर रविवारी बाबांना त्या वहीत पत्र लिहायची. अक्षर मोत्यासारखं होतं.

"बघा ना काका, सुधारलंय ना? पहिल्या पत्रात फार घाण होतं. बाबांना वाचता आलं असेल का हो?"

यज्ञेश्वरांचा हात खिशाकडे गेला. आत स्वयंपाकघरात तिची आई चहा गाळता गाळता थांबली होती.

"आलं असेल," ते म्हणाले. "आपल्या मुलीचं अक्षर होतं."

चहा घेऊन ते निघाले. बसमध्ये त्यांनी खिसा दोनदा चाचपला.

त्यानंतर ते आणखी दोनदा धायरीला जाऊन आले. पत्र श्यामलाच्या शाळेच्या पिशवीत आहे. दीपमालाला ते द्यायचं अजून राहिलं आहे.