ट्रे झटकण्याचं काम

गेली अकरा वर्षं आमच्या मागच्या बागेत रात्रभर एक दिवा जळतो आणि त्याखाली एक पेटी असते. पतंग दिव्याकडे येतात, पेटीत पडतात आणि आत रचलेल्या अंड्यांच्या ट्रेंमध्ये दडून बसतात. सकाळी नवरा स्टुलावर बसून एकेक ट्रे उचलतो, पतंग मोजतो आणि वहीत लिहितो. भुंगेरे, ढालकिडे, नाकतोडे यांच्यासाठी वेगळं पान. नोकरीत नकाशे काढायचा, त्यामुळे अक्षर असं की बघत राहावं. किड्यांचे सहा पाय मोजतो, बायकोकडे बघायला मात्र फुरसत नाही.

मोजलेले पतंग लांब नेऊन सोडायचे असतात. जवळ सोडले तर तेच दुसऱ्या रात्री परत येतात आणि आकडा फुगतो. नवऱ्याचे गुडघे गेलेले, म्हणून ते काम माझं. ट्रे पुसणं, बल्ब बदलणं, पाऊस आला की धावत जाऊन ताडपत्री टाकणं, तेही माझंच.

गेल्या महिन्यात विद्यापीठाचं पत्र आलं. घरच्या बागांमधल्या कीटकांच्या नोंदींचं पुस्तक निघणार होतं. आमच्या वह्या त्यात घ्यायच्या की नाही, हे ठरवायला एक संशोधक बाई येणार होत्या. सोबत फॉर्म होता. त्यात ‘नोंदी करणारे’ असं लिहून पुढे दोन ओळी सोडलेल्या. नवऱ्याने पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि दुसरीवर आडवी रेघ मारली.

"अहो, आणि मी?"

"तू कुठे नोंदी केल्यास? तू ट्रे झटकलेस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला ते नाव हवं होतं. आयुष्यात एकदा, छापील, त्याच्या नावाखाली का होईना.

बाई आल्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण नजर तिखट. वह्या चाळताना "काका, कमाल आहे हो तुमची," असं चारदा म्हणाल्या. नवऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. मग त्यांनी पेन उघडलं.

"मोजून झाल्यावर सोडता कुठे?"

"ओढ्यापलीकडे. दहा मिनिटांवर आहे. ही जाते."

"काकू, रोज?"

पहिली दोन वर्षं रोज गेले. मग माझी आई गेली. पंधरा दिवस माहेरी राहून परत आले, तर पिशवी खाली ठेवायच्या आत नवरा म्हणाला, "पंधरा दिवसांच्या नोंदी बुडाल्या माझ्या." आई कशी गेली, हे त्याने विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. दुसऱ्या सकाळपासून मी ओढ्याकडे फिरकले नाही. घरामागच्या नळाजवळच्या कुंपणावर ट्रे झटकायचे, वीस मिनिटं पायरीवर बसायचे आणि परत यायचे. त्याचे आकडे सडतायत या विचाराने मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आता ‘हो, रोज’ म्हटलं असतं, तर वह्या त्याच्या एकट्याच्या नावाने पुस्तकात गेल्या असत्या.

"नाही," मी म्हणाले. "नऊ वर्षं इथेच सोडतेय. नळाजवळ. मुद्दाम."

बाईंचं पेन थांबलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. आता ओरडेल, वही आपटेल, निदान का केलंस ते तरी विचारेल. त्या भांडणासाठी मी नऊ वर्षं थांबले होते.

"ते हिशेबात धरलंय मी," तो बाईंना म्हणाला आणि वहीच्या समासातले बारीक लाल आकडे दाखवू लागला. "पहिल्याच आठवड्यात शंका आली. तेव्हापासून मोजताना पंखाच्या कडेला पांढऱ्या शाईचा ठिपका देतो. ठिपकेवाला परत आला की वजा, आणि त्याला आणखी एक ठिपका."

नऊ वर्षं मी ते ट्रे झटकले, पण एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

"काका, हे तर फारच छान!" बाई खुलल्या. "पतंग किती दिवस जगतात, तेही यातून कळेल. या वह्या नक्की घेणार."

"माहीत होतं, तर मला बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला होता.

"बोलण्यात सकाळ गेली असती. वजा करायला मिनिट लागतं."

बाई फॉर्मकडे बघत राहिल्या. रडू येत होतं, पण त्याच्यासमोर मी रडणार नव्हते.

"उद्यापासून ट्रे तुमचे तुम्ही झटका," मी म्हणाले. "मी हात लावणार नाही."

त्याने गुडघा चोळत थोडा विचार केला. मग बाईंकडे वळला.

"मी काही ओढ्यापर्यंत जाऊ शकत नाही. मीही नळाजवळच सोडेन. ठिपके आहेतच. हिच्याशिवाय आकड्यांत काही फरक पडणार नाही ना?"

"नाही काका," बाई म्हणाल्या. "काहीच नाही."